टीमचा म आणि ओव्हरचा ओ : डच उच्चारकार्डांच्या प्रकल्प नोंदी

१४ फेब्रुवारी

आज आमच्या डच बोलण्याच्या सरावगटात ताईंनी कार्ड क्रमांक २१२ माझ्यासमोर ठेवलं. "अगं, हे मी पाच वेळा म्हटलं. कुणालाच कळलं नाही."

ताई मूळच्या सोलापूरच्या. इथे नेदरलँड्समध्ये, आम्स्टलव्हेनला एका पाळणाघरात मदतनीस म्हणून लागून त्यांना चार महिने झाले. दर बुधवारी संध्याकाळी तिथल्या सगळ्यांची बैठक असते. फलकावर त्यासाठी एकच लांबलचक शब्द लिहिलेला असतो : इंग्रजीतून आलेला 'टीम' आणि सल्लामसलत या अर्थाचा डच 'ओव्हरलेख', दोन्ही एकाला एक चिकटवून. बैठक किती वाजता आहे, एवढंच ताईंना विचारायचं होतं. समोरची बाई तीनदा 'काय?' म्हणाली आणि शेवटी ताई गप्प बसल्या.

कार्डाच्या मागच्या बाजूला मी त्या शब्दाचा उच्चार देवनागरीत छापला होता : टी-मो-व्हर-लेख.

चूक ताईंची नाही, कार्डाची आहे. मी लिहिलेल्या प्रोग्रामने हा शब्द असा तोडला, आणि मी तो न तपासता छापला. 'टीम मला येतं, ओव्हरलेख मला येतं, मग चुकलं कुठे?' हा ताईंचा प्रश्न दिवसभर डोक्यातून गेला नाही. हा वही-प्रपंच त्यासाठीच. इथे सगळं देवनागरीतच लिहीन, कारण कार्डावरही शेवटी देवनागरीच छापायची आहे.

१६ फेब्रुवारी

आधी प्रोग्राम आत्ता काय करतो ते लिहून ठेवते.

शब्द अक्षरांत, म्हणजे एका दमात म्हटल्या जाणाऱ्या तुकड्यांत, तोडायची पद्धत मी फ्रँक लियांग यांची घेतली आहे. स्टॅनफर्डला डोनाल्ड क्नुथ यांच्या हाताखाली 'टेक' या मुद्रणप्रणालीवर काम करताना त्यांनी ती बसवली. प्रबंध १९८३ चा. कल्पना फार सुंदर आहे. सगळा शब्दकोश साठवायचा नाही, फक्त लहान लहान वर्णगट साठवायचे आणि वर्णांच्या मधल्या फटीत अंक ठेवायचे. विषम अंक म्हणजे इथे तोडायला हरकत नाही, सम अंक म्हणजे इथे तोडू नको. एकाच फटीवर दोन गटांचं मत वेगळं पडलं तर मोठा अंक जिंकतो. इंग्रजीसाठी लियांग यांना सुमारे ४,५०० गट पुरले. आजही लिब्रे ऑफिससारख्या प्रणाली ओळीच्या शेवटी शब्द तोडतात ते याच पद्धतीने.

माझे गट मी तयार केले जुन्या सरावपुस्तकांतल्या अस्सल डच शब्दांवरून. तेव्हा तेच बरोबर वाटलं होतं, कारण डच लेखनाचा पायाच मुळी अक्षरविभागणी आहे. चंद्राला 'मान' म्हणतात. एकवचनात आ हा स्वर दोनदा लिहायचा, कारण अक्षर व्यंजनाने बंद होतं. अनेकवचन 'मा-नन'; इथे अक्षर उघडं, म्हणून तोच स्वर एकदाच लिहायचा, तरी तो दीर्घच राहतो. उलट ऱ्हस्व स्वराचा 'मन' म्हणजे पुरुष. त्याच्या अनेकवचनात न दोनदा येतो, का तर अक्षर बंद राहावं आणि स्वर ऱ्हस्व राहावा. इथली मुलं लिहायला शिकतात ती टाळ्या वाजवत अक्षरं मोजून. शब्द कुठे तुटतो ते कळलं की स्वर आपोआप कळतो.

इंग्रजीतून आलेले शब्द हा करार पाळत नाहीत. ते आपलं इंग्रजी लेखन घेऊन येतात आणि डच शब्दांना चिकटून बसतात.

१८ फेब्रुवारी

२१२ चं शवविच्छेदन. डच शब्दांत ई आणि ए हे रोमन वर्ण शेजारी आले तर बहुधा दोन वेगळी अक्षरं होतात, जसं नाट्यगृहाच्या शब्दात टे-आ-टर. त्यामुळे सुरुवातीला माझा प्रोग्राम 'टे-आ-मो-व्हर-लेख' असं काही तरी देत होता. ते मला दिसलं, म्हणून मी नियम घातला की ही जोडी आली की 'ई' वाच. टी झालं. पण म तिथेच लटकत राहिला. दोन स्वरांमध्ये एकटं व्यंजन आलं तर ते पुढच्या स्वराकडे जातं, हा अस्सल डच शब्दांचा नियम. म्हणून म गेला ओकडे.

जोडशब्दाच्या सांध्यावर मात्र हा नियम थांबतो. टीमचा म टीमकडेच राहतो आणि ओव्हरचा ओ नव्याने सुरू होतो. डच कानाला तिथे एक बारीकशी पायरी ऐकू येते.

आणि आघात. नुसता 'ओव्हरलेख' म्हटला तर जोर शेवटच्या लेखवर. पण तो टीमच्या मागे बसला की मुख्य जोर टीमवर जातो, कारण दोन नामांच्या डच जोडशब्दात मान पहिल्या पदाला. कार्डावर आघात छापलाच नव्हता, म्हणून ताईंनी आपल्या अंदाजाने तो मोवर दिला. समोरच्या बाईला ना टीम ऐकू आला, ना ओव्हरलेख.

१९ फेब्रुवारी

काल रात्री झोपताना लक्षात आलं की निम्मा दोष देवनागरीचा आहे, म्हणजे तिच्या गुणाचा. आपल्या लिपीत म् पुढे ओ आला की मो होतो. दोन्ही वेगळे ठेवायचे तर मुद्दाम ठेवावे लागतात. जिल्हा आणि अध्यक्ष मिळून जिल्हाध्यक्ष, मत आणि ऐक्य मिळून मतैक्य. समास आला की मागून संधी येणारच, असं आपल्या हाताला वळण आहे. 'एकेक' आणि 'एकएक' दोन्ही आपण लिहितो, पण म्हणताना एकेक हेच तोंडात येतं.

डचमध्ये समास भरपूर, पण अशी संधी नाही. दोन पदं खांद्याला खांदा लावून उभी राहतात, हात मात्र गुंफत नाहीत.

तेव्हा नियम १ : सांधा आधी शोधायचा, अक्षरं नंतर तोडायची. नियम २ : सांध्यानंतर स्वर आला तर तो पूर्ण स्वर म्हणून लिहायचा, मात्रा करून मागच्या व्यंजनावर चढवायचा नाही. टीम-ओ-व्हर-लेख.

२८ फेब्रुवारी

आघातासाठी खूण. मी आधी अक्षराच्या डोक्यावर उभी रेघ दिली होती, वेदाच्या पोथीत असते तशी. गटातल्या एका काकांनी ते पाहिलं. त्यांचं लहानपणी वाईला ऋग्वेदाचं थोडं अध्ययन झालेलं. ते म्हणाले, "बाई, डोक्यावरची उभी रेघ म्हणजे स्वरित. खाली आडवी रेघ म्हणजे अनुदात्त. उदात्ताला आम्ही खूणच करत नाही. तू जोर दाखवायला स्वरिताची रेघ वापरलीस तर माझं तोंड वेगळंच काही करायला जाईल."

बरोबर आहे. वेदातला स्वर म्हणजे आवाजाची उंची. डच आघातात जोर आहे, लांबी आहे आणि उंचीही आहे. शिवाय ती रेघ ओकार-ऐकाराच्या मात्रेवर आदळते आणि छापून आलं की काहीच धड दिसत नाही. खूण बदलली. आघाताच्या अक्षरानंतर वर छोटी तिरकी रेघ : टीम′-ओ-व्हर-लेख. काकांनी मान्यता दिली.

आम्ही राहतो त्या गावाच्या नावापासून सुरुवात केली. गटात बहुतेक सगळे पहिल्या अक्षरावर जोर देत होते. इथले लोक म्हणतात आम्स्टल-व्हेन′. आम्स्टर-डाम′ आणि रॉटर-डाम′ही तसेच. म्हणजे 'पहिल्या पदावर जोर' हा नियम गावांच्या नावांना लागू नाही. नगरपालिकेच्या इमारतीलाही नाही, स्टाट-हाउस′. असे अपवाद याद्यांनीच सांभाळावे लागतील. तर्काने गाठता येणार नाहीत.

७ मार्च

सांधा शोधायला शब्दसूची लागणार. पद्धत साधी ठेवली आहे : लांब शब्द सूचीतल्या शब्दांनी पूर्ण झाकायचा, आणि एकापेक्षा जास्त रीतींनी झाकता आला तर ज्यात तुकडे कमी ती रीत घ्यायची. पदांच्या मध्ये येणारा जोड-स किंवा जोड-अन चालवून घ्यायचा.

पहिलीच परीक्षा 'सॉफ्टवेअर-विकसक' या अर्थाच्या शब्दाची. सॉफ्टवेअर तसाच्या तसा इंग्रजी, पुढे डच ओन्टविकलार. अडचण अशी की 'वेअर' ज्या चार वर्णांनी लिहितात त्याच वर्णांनी डचमध्ये 'वा-र' हा दोन अक्षरांचा शब्द होतो. माझ्या जुन्या गटांनी त्याचं सॉफ्ट-वा-र-ओन्ट करून ठेवलं होतं. सॉफ्टवेअर अखंड सूचीत घातल्यावर तुकडे दोनच झाले आणि कार्ड सुधारलं : सॉफ्ट′-वेअर-ओन्ट-वि-क-लार.

नियम उलटही फिरतो. 'मंत्री' या अर्थाचा शब्द मि-निस′-टर. सूचीत तो नव्हता, पण 'मिनी' होता आणि तारा या अर्थाचा 'स्टेर'ही होता. प्रोग्रामने मंत्र्याचा छोटा तारा केला आणि जोर मीवर दिला. अखंड शब्द सूचीत असेल तर त्याला आधी मान, मग तुकडे.

नुसत्या डच शब्दांतही सांध्याचे घोटाळे आहेतच, आणि डच लोक ते आवडीने सांगतात. एकाच वर्णक्रमात व्हाल-काउल म्हणजे सापळ्याचा खड्डा, आणि व्हाल्क-आउल म्हणजे ससाणा-घुबड. क्वार्ट-स्लाखन म्हणजे पाव वळसे, क्वार्ट्स-लाखन म्हणजे गारेचे थर. डेइक-राम्प म्हणजे बांधाची आपत्ती, डेइ-क्राम्प म्हणजे मांडीतला पेटका. बांधाची आपत्ती हे शब्द इथे हलके नाहीत. ३१ जानेवारी ते १ फेब्रुवारी १९५३ च्या रात्री झेलंड प्रांताकडचे बांध फुटले आणि या देशात १,८३६ माणसं गेली. शेजारच्या आजी तेव्हा सात वर्षांच्या होत्या. मी गमतीने हा शब्द काढला तेव्हा त्यांनी आधी त्या रात्रीची आठवण सांगितली आणि मांडीचा पेटका नंतर.

११ मार्च

सूचीत आता ४,१०० शब्द. झोप.

२१ मार्च

आज आजींच्या स्वयंपाकघरात बसून ६० शब्द ध्वनिमुद्रित केले. दोनदा वाचून घेतले. एकदा सुटे, एकदा वाक्यात. आजी निवृत्त शिक्षिका आहेत. चुकीचा सांधा वाचून दाखवला की त्या चष्मा काढून माझ्याकडे बघतात.

आजचं सगळ्यात महत्त्वाचं : क्लब. मराठीत आपण शेवटचा ब पूर्ण म्हणतो. डचमध्ये अक्षराच्या शेवटी ब, ड असे घोष स्पर्शवर्ण टिकत नाहीत, ते अघोष होतात, म्हणजे ब चा प, ड चा ट. म्हणून क्लप. शब्द इंग्रजीतून आला म्हणून सूट नाही. मंडळाच्या संध्याकाळच्या जमण्याला आजी म्हणाल्या : क्लप′-आ-व्होन्ट. वेबपत्त्याला : वेप′-आ-ड्रेस. आणि शनिवार-रविवारला वी′-केन्ट, शेवटी स्वच्छ ट.

यातून उलगडलं ते असं. माझ्या जुन्या कार्डावर क्ल-बा-व्होन्ट होतं. तिथे ब अक्षराच्या सुरुवातीला बसलेला, म्हणून ब राहिला. सांधा योग्य जागी धरला की ब अक्षराच्या शेवटी येतो आणि लगेच प होतो. म्हणजे चुकीच्या जागी तोडलं की विभागणीबरोबर वर्णही चुकतो. मी इतके दिवस विभागणीला कागदावरची सोय समजत होते. उच्चाराचा सगळा हिशेब तिच्यावरच चालतो.

सांधा अगदी बंद मात्र नाही. रुमालाचा शब्द झाक अधिक डूक असा बनतो, पण आजींनी म्हटलं झाग′-डूक. पुढच्या ड मुळे क चा ग झाला. अस्सल डचमध्ये ग हा वर्ण असा शेजाऱ्यामुळेच ऐकू येतो, नाही तर त्यांच्या लेखनातला 'जी' म्हणजे ख. आणि पाळणाघर : किन′-डर-ओप-फाङ्. 'फाङ्' सुटा असता तर व्हाङ् झाला असता, मागच्या प ने त्याचा फ केला. घोषत्व सांध्यातून इकडेतिकडे जातं, अक्षर जात नाही. हे वाक्य मी भिंतीवर लावलं आहे.

४ एप्रिल

ताईंनी विचारलं, "मग आम्ही बोलताना मध्ये थांबायचं का?" नाही. थांबलं तर दोन शब्द होतात. लिहितानाही डचमध्ये जोडशब्दात जागा सोडत नाहीत, पद इंग्रजी असो की डच. इंग्रजीच्या सवयीने जागा सोडणाऱ्यांना इथे 'इंग्लिश आजार' झाला म्हणतात. त्या नावाने आधी मुडदूस ओळखला जायचा. आजींच्या मते दोन्हींत हाडं जुळत नाहीत.

थांबायचं नाही, पण म सोडायचा नाही. मी ताईंना म्हटलं, म वर ओठ मिटलेले राहू देत, आणि ओ साठी तोंड नव्याने उघडा. त्यांनी तीनदा करून पाहिलं. चौथ्यांदा आलं.

२७ एप्रिल

आज कोनिङ्सडाख, राजाचा वाढदिवस. सगळं गाव नारिंगी. कालव्याकाठी पोरांनी सतरंज्या टाकून जुनी खेळणी मांडली आहेत. २०१३ पर्यंत हा दिवस राणीचा होता आणि ३० एप्रिलला असायचा. ३० एप्रिल २०१३ रोजी राणी बेआट्रिक्स पायउतार झाल्या, तेव्हापासून राजा.

राणीचाच शब्द आज उपयोगी पडला. राणी म्हणजे को-नि-ङिन′. लिहिताना ओळ संपली तर त्यांचं शुद्धलेखनाचं पुस्तक त्याला न आणि जी यांच्या मध्ये तोडतं, पण उच्चारात तिथे ना न आहे ना ख, एकच ङ आहे. लहानपणी 'क ख ग घ' नंतर नुसता म्हणायचा म्हणून म्हटलेला ङ. आयुष्यात कधी सुटा लिहिला नव्हता. कार्डावर त्याला पहिल्यांदा खरं काम मिळालं.

माझ्या गटांनी राणीवरून एक धडा घेतला होता : 'इंग' नंतर स्वर आला की न आणि जी च्या मध्ये तोड. मग समोर आला मार्केटिंग विभाग, डचमध्ये मार्केटिङ् अधिक आफडेलिङ्. प्रोग्रामने दिलं मार-क-टिन-खाफ-डे-लिङ्. आणि 'खाफ' हा खरा डच शब्द निघाला, 'दिलं' या अर्थाचा! सांधा ओळखणारा भाग मार्केटिंगपाशी चालला नाही, कारण सूचीत तो मी घातलाच नव्हता.

आता : मार′-क-टिङ्-आफ-डे-लिङ्. इथे ङ् नंतर ग म्हणायचा नाही. आपण 'मीटिंग' म्हणताना शेवटी ग ऐकू येतो, त्यांच्यात नाही. कार्डावर टिंग लिहिलं तर मराठी माणूस ग म्हणणारच, म्हणून ङ् हलन्त छापायचा. टंकाने साथ दिली.

९ मे

मूक ई या रोमन वर्णाचा दिवस. इंग्रजी शब्दाच्या शेवटचा मूक ई डच डोळ्याला मूक दिसत नाही, त्यांच्याकडे तिथे हलका अ असतो आणि एक अक्षर वाढतं. त्यामुळे 'साइट'चं सि-ट, 'केक'चं का-क. 'अपडेट' दोन अक्षरं : अप′-डेट. पण त्याचं क्रियापद झालं की तोच ई बोलका होतो : अप′-डे-टन, तीन अक्षरं. भूतकाळवाचक रूप : ख-अप′-डे-टट, पुढे डच ख, शेवटी डच ट, आणि मध्ये इंग्रजी शब्द तसाच.

या रूपात यू वर दोन टिंबं देतात, कारण ती नसतील तर मागचा ई आणि यू मिळून वेगळाच स्वर वाचला जाईल. आणि ओळीच्या शेवटी शब्द ख नंतर तुटला तर ती टिंबं काढून टाकायची, कारण आता घोळ व्हायचं कारण उरलं नाही. शब्द तुटल्यावर लेखनही बदलतं. हे मला फार आवडलं. टिंबं का आहेत हे ज्याला माहीत आहे, त्यालाच ती कधी काढायची ते कळतं.

प्रोग्राममध्ये मूक ई असलेल्या ८३ शब्दांची हाताने यादी केली. दुसरा उपाय सापडला नाही, आणि शोधायचीही गरज वाटत नाही. काही ज्ञान यादीतच असतं.

१६ मे

स्वरांबद्दल थोडंसं. इंग्रजीतला ॲ डचमध्ये बहुधा ए होतो. आपल्याकडे ॲ आहे म्हणून आपण तो मोकळेपणी वापरतो, इथे कॅम्पिंग म्हणतो. ते म्हणतात केम′-पिङ्. वाद्यवृंदाचा 'बँड' बेन्ट होतो, पण ध्वनिफीत या अर्थाचा जुना डच शब्द त्याच वर्णांचा बान्ट आहे. वाद्यवृंदाचा प्रमुख बेन्ट′-लेइ-डर, फितीवरचं मुद्रण बान्ट′-ओप-ना-म. सांधा एकाच जागी, आघात एकाच जागी, स्वर वेगळा. इथे माझे सगळे नियम बरोबर चालले तरी कार्ड चुकतं. अशा शब्दांवर लाल टिंब. ते हाताने तपासूनच छापायचे.

२३ मे

आघात पुन्हा. तीन गोष्टी सापडल्या, तिन्ही आजींच्या ध्वनिमुद्रणातून.

'पहिल्या पदाला मान' म्हणजे पहिल्या अक्षराला नव्हे. संगणकाच्या तासाला कोम-प्यू′-टर-लेस. जोर पहिल्या पदाच्या स्वतःच्या आघातावर.

दुसरी. इंग्रजीत क्रियापद आणि अव्यय जोडून बनलेली नामं डचमध्ये आली की जोर मागे सरकतो. इंग्रजीत 'मेकअप'चा जोर मेकवर. आजी म्हणाल्या मेक-अप′, आणि बॉक्सिंगमधल्या शेवटच्या ठोशाला नोक-आउट′. या शब्दात लिहिताना मध्ये आडवी रेघ असते. मेकअपची पिशवी लिहिताना ती रेघ तशीच ठेवून पिशवीचा शब्द 'अप'ला सरळ चिकटवतात. डोळ्याला वाटतं, मोठा सांधा रेघेपाशी आहे. खरा मोठा सांधा अपच्या नंतर आहे, जिथे काहीच दिसत नाही. प्रोग्रामने रेघेवर विश्वास ठेवला आणि 'अपटास' नावाचं एक पद शोधत बसला. रेघ दिसली तरी आता ती फक्त एक शक्यता मानायची.

तिसरी ताईंच्या कामातली. झोपलेल्या बाळाचा आवाज दुसऱ्या खोलीत ऐकू यावा म्हणून ठेवतात ते यंत्र. मी कार्ड छापलं होतं बे′-बी-फोन, बेबी हे पहिलं पद धरून. आजींनी चष्मा काढला. बे-बी-फोन′. दूरध्वनीचा टे-ल-फोन′ जसा, तसाच. इथला 'फोन' डच लोकांच्या कानाला सुटा शब्द वाटत नाही, शेपटीसारखा वाटतो, आणि ही शेपटी जोर आपल्याकडे ओढते. सूचीतून तो शब्द म्हणून काढला, प्रत्ययांच्या यादीत टाकला.

३० मे

दोन शब्द, आणि त्यानंतर मी संगणक बंद केला.

पहिला : कागदावर तोडला तर चारही अक्षरं तंतोतंत तीच, तोडायच्या जागाही त्याच. पण मा-सा′-झ्य-बेट म्हणजे मालिशचा पलंग, आणि मा′-सा-ख-बेट म्हणजे सामूहिक प्रार्थना. पहिल्यात फ्रेंचकडून आलेलं मासाझ्य आणि पलंग, दुसऱ्यात समुदाय आणि प्रार्थना. रोमन जी एकदा झ्य, एकदा ख.

दुसरा : उच्चार एकच, आउट्य. पण लहान कांदा असेल तर आउ नंतर तोडायचं, आणि सहल असेल तर आउट नंतर. तोंडाला फरक नाही, कागदाला आहे. टीमची सहल असा शब्द ताईंच्या फलकावर जूनमध्ये लागणार आहे. कांदा तिथे नाही एवढं नक्की.

मी या दोन शब्दांपाशी बराच वेळ थांबले. अक्षरविभागणी, आघात आणि उच्चार ही तीन वेगळी कामं आहेत आणि तिन्ही सांध्यावर अवलंबून आहेत. म्हणून प्रोग्रामचे तीन वेगळे भाग करायला घेतले. सांधा ठरवणारा भाग सर्वांच्या आधी, आणि त्याला शंका असेल तर त्याने तसं सांगायचं, अंदाज ठोकायचा नाही. दोन रीतींत तुकडे सारखेच निघाले तर कार्ड छापलं जाणार नाही. मी ते वाचेन, आजींना विचारेन, मग छापेन.

१३ जून

दुसरी आवृत्ती, ६४० कार्डं. लाल टिंबाची ७१ बाजूला ठेवली आहेत.

ताई आल्या त्या थेट सांगतच आल्या. मंगळवारी त्यांनी त्याच बाईला विचारलं, उद्या टीम′-ओव्हर-लेख किती वाजता. बाई हातातलं बाळ पुसत होती. वर न पाहता म्हणाली, "फेइफ उर." पाच वाजता.

मग ताईंनी पर्समधून जुनं २१२ काढलं. ते फेकायचं राहिलं होतं. टी-मो च्या मो वर त्यांनी पेन्सिलने मधोमध उभी रेघ मारली होती, म एका बाजूला, ओ दुसऱ्या बाजूला. नव्या कार्डाच्या आधीच.

त्यांनी फलकावरून नऊ नवे शब्द लिहून आणले आहेत. बदली मदतनिसाचा शब्द त्यात आहे : इन′-व्हाल-क्राख्ट. त्यात ससाण्याचा 'व्हाल्क' लपलेला दिसतो आणि प्रोग्राम त्याच्यावर झडप घालणार हे उघड आहे. बाळांच्या मालिशचा शब्दही आहे. तिथे जोर बेबीवर जाईल : बे′-बी-मा-सा-झ्य. आजींना सोमवारी विचारायचं.